दिल्लीचा मसुदा आणि मुंबईचा अभिप्राय



सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीनें आपण कधीं प्रवास केला असेल, तर नवापूरचें स्टेशन आपल्या लक्षांत राहिलें असेल. ह्या स्टेशनाच्या मधूनच महाराष्ट्र आणि गुजरात ह्या दोन राज्यांची सीमा गेली आहे. तिकिटांची खिडकी महाराष्ट्रांत, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेंत. फलाटावर एक बाक आहे; त्याच्या अर्ध्या भागावर एका राज्याचें नांव आणि अर्ध्यावर दुसऱ्याचें. प्रवासी मंडळी त्यावर बसून छायाचित्रें काढून घेतात, हंसतात आणि गाडी आली कीं निघून जातात. मीं त्या तालुक्यांतील एका प्राथमिक शाळेंत सात वर्षें मास्तरकी केली, त्यामुळें त्या स्टेशनावर मी पुष्कळदां बसलों आहें. मुलांची सहल नेली म्हणजे एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, ही रेघ येथेंच कां?" पहिलीं एकदोन वर्षें मीं उत्तर टाळलें, कारण तें मला ठाऊक नव्हतें. मास्तराला हें कबूल करणें जड जातें. पण आतां सेवानिवृत्त झाल्यावर कबूल करावयास हरकत नाहीं.

आजच्या भाषणांत त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें असें मनांत आहे. विषयाचें नांव जरा भारदस्त आहे : वरच्या संसदेनें करावयाच्या कायद्याची खालच्या राज्याच्या विधिमंडळानें छाननी कशी करावयाची, आणि त्या छाननीला वर किती किंमत असते. पण नांव मोठें असलें तरी गोष्ट घरगुती आहे. एकत्र कुटुंबांत थोरल्या माडीवर वांटणीचा कागद लिहिला जात असतां, ज्याच्या वांट्याची भिंत हलावयाची असते त्याला हांक मारतात कीं नाहीं. आणि हांक मारलीच तर त्याचें ऐकतात, कीं नुसतें ऐकून घेतात, एवढाच हा प्रश्न आहे.

मी वकील नव्हें. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक आहें. तेव्हां कायद्याचा कीस काढण्याचें मी टाळणार आहें. परंतु एकदोन कलमें सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं, तेवढी सहनशीलता आपण ठेवावी.

आपल्या राज्यघटनेचें तिसरें कलम असें सांगतें कीं, नवें राज्य निर्माण करणें, दोन राज्यें जोडणें, एखाद्या राज्याची सीमा किंवा नांव बदलणें हा अधिकार संसदेचा आहे. मात्र असा मसुदा संसदेंत मांडण्यापूर्वीं दोन गोष्टी घडल्या पाहिजेत. एक, राष्ट्रपतींची शिफारस. आणि दुसरी, ज्या राज्याच्या क्षेत्राला, सीमेला किंवा नांवाला धक्का लागतो, त्या राज्याच्या विधिमंडळाकडे राष्ट्रपतींनीं तो मसुदा अभिप्रायासाठीं पाठविला पाहिजे. येथें 'अभिप्राय' हा शब्द नीट ऐकावा. घटनेनें अनुमति मागितलेली नाहीं. घटनासमितींत नोव्हेंबर १९४८ मध्यें प्रा. के. टी. शहा ह्यांनीं अशी दुरुस्ती मांडली होती कीं, सीमाबदलाचा प्रस्ताव मुळांत त्या त्या राज्याच्या विधिमंडळांतूनच निघावा. ती नामंजूर झाली. विरुद्ध बाजूचें म्हणणेंही अगदीं टाकाऊ नव्हतें : एखाद्या मोठ्या राज्यांतील अल्पसंख्य भाषिकांना वेगळें व्हावयाचें असेल, आणि त्यासाठीं त्याच राज्याच्या बहुमताची संमति लागत असेल, तर तें वेगळेपण त्यांना कधींच मिळावयाचें नाहीं. तेलुगु लोकांना मद्रासच्या बहुमताकडे, किंवा आम्हां मराठी लोकांना दुसऱ्या कोणाच्या बहुमताकडे हात जोडून उभें राहावें लागलें असतें.

मूळ कलमांत अभिप्रायाला मुदत नव्हती. १९५५ सालच्या डिसेंबरांत पांचवी घटनादुरुस्ती झाली आणि मुदत आली. ती राष्ट्रपतींनीं ठरवावयाची, वाटल्यास वाढवावयाची, आणि ती संपली कीं उत्तर आलें असो वा नसो, पुढचा मार्ग मोकळा. परीक्षेंत घंटा झाली म्हणजे पर्यवेक्षक उत्तरपत्रिका काढून घेतो, कोरी असली तरी घेतो, तशांतलाच हा प्रकार.

ह्या नव्या व्यवस्थेचा मोठा अनुभव आपल्याच मुंबईच्या विधिमंडळाला आला. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेचा मसुदा त्याच्याकडे अभिप्रायासाठीं आला, तेव्हां त्यांत तीन निरनिराळे घटक होते : महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यांतील मुंबई शहर. सभासदांनीं बोलावयाचें तें ह्या त्रिभागणीवर. १८ एप्रिलला मसुदा लोकसभेंत मांडला गेला, जुलैंत दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीचा अहवाल आला, आणि ऑगस्टांत संसदेनें ते तीन घटक बाजूस सारून एकच विशाल द्विभाषिक मुंबई राज्य उभें करण्याचें ठरविलें. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ, सारे त्यांत आले. १ नोव्हेंबर १९५६ पासून तें राज्य सुरूही झालें.

तेव्हां बाबूलाल पराते ह्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. त्यांचें म्हणणें सरळ होतें : आमच्या विधिमंडळाला जें विचारलें तें एक आणि केलें तें दुसरें, द्विभाषिकाविषयीं त्याला कोणीं विचारलेंच नाहीं, म्हणून कायदा घटनेला सोडून आहे. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २८ ऑगस्ट १९५९ रोजीं निकाल लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, मसुदा एकदां विधिमंडळाकडे पाठविला म्हणजे घटनेची अट पुरी झाली. पुढें संसदेंत त्याला जी जी दुरुस्ती होईल ती ती प्रत्येक वेळीं परत पाठविण्याची गरज नाहीं, आणि विधिमंडळाचें मत संसदेला बांधून टाकीत नाहीं. दर दुरुस्तीला मसुदा दिल्लीहून मुंबईस आणि मुंबईहून दिल्लीस धाडीत बसलें तर कोणताच कायदा पुरा व्हावयाचा नाहीं, हें मलाही पटतें. तरी मास्तरकीच्या संवयीनें मनांत येतेंच कीं, उत्तरपत्रिका गोळा करून घेतल्यावर प्रश्नपत्रिका बदलली, तर निकाल मुलांचा म्हणावयाचा कीं परीक्षकांचा?

द्विभाषिकाविरुद्ध पुढें केवढें आंदोलन झालें, किती रक्त सांडलें, हें आपणांस ठाऊक आहे. त्यावर बोलणारे माझ्याहून अधिकारी पुरुष झाले आहेत. मी एकदम १९६० सालावर येतों, कारण आमच्या खानदेशाचा संबंध तेथें येतो.

१९६० च्या मार्चांत मुंबई राज्याच्या विभाजनाचा मसुदा त्याच विधिमंडळापुढें अभिप्रायासाठीं आला. यशवंतराव चव्हाण तेव्हां मुख्यमंत्री होते. २५ एप्रिलला त्या कायद्यावर राष्ट्रपतींची संमति झाली आणि १ मे रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें झालीं. मार्चपासून मेपर्यंत, म्हणजे शाळेच्या हिशेबानें वार्षिक परीक्षेची तयारी सुरू होऊन निकाल लागेपर्यंत जेवढा काळ जातो तेवढ्यांत, पांच कोटींहून अधिक वस्तीच्या राज्याची वांटणी उरकली.

आतां अशा वेळीं विधिमंडळांत नेमकें काय चालतें? राज्याच्या स्वतःच्या कायद्याचें वाचन होतें तसें येथें होत नाहीं. कलमावार मतें घेऊन मसुदा फिरवितां येत नाहीं, कारण मसुदा आपला नसतो. तो दोन्ही सभागृहांपुढें ठेवतात, सभासद भाषणें करतात, अमुक कलम असें असावें म्हणून दुरुस्त्या सुचवितात. पण त्या दुरुस्त्या म्हणजे केवळ सूचना. बहुमतानें संमत झाली तरी एक स्वल्पविराम हालत नाहीं. सारें टिपण बांधून दिल्लीला रवाना होतें. त्याचें पुढें काय झालें, कोणती सूचना कां घेतली आणि कोणती कां टाकली, हें परत कळविण्याचें बंधन कोणावर नाहीं.

कायद्याच्या अंगांत कलमें असतात आणि पाठीमागें परिशिष्टें. भाषणें कलमांवर होतात. गांवें परिशिष्टांत असतात. ह्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागांत ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील गांवें, दुसऱ्यांत पश्चिम खानदेशच्या नवापूर व नंदुरबार तालुक्यांतील गांवें, आणि तिसऱ्यांत अक्कलकुवा व तळोदें तालुक्यांतील. पश्चिम खानदेशांतील हीं गांवें सारीं मिळून १५६ भरतात. दुसऱ्या भागांतलीं सुरत जिल्ह्याच्या सोनगड तालुक्यांत गेलीं, तिसऱ्या भागांतलीं भडोच जिल्ह्याच्या सागबारा तालुक्यांत. ह्याशिवाय डांगचा सबंध जिल्हा गुजरातेंत गेला तो वेगळा. नवापूरच्या स्टेशनावरची रेघ ती हीच. रूळ घातले गेले तेव्हां दोन्हीकडे एकच मुंबई इलाखा होता. रेघ मागाहून आली.

हीं गांवें कां दिलीं? तापीवर उकाई येथें मोठें धरण व्हावयाचें होतें. बैतुल जिल्ह्यांत मुलताईला उगम पावणारी तापी आमच्या जळगांव-धुळ्याच्या मुलुखांतून वाहत जाऊन सुरतेपाशीं समुद्राला मिळते. धरणाची भिंत गुजरातेंत. पाण्याचा फुगवटा मागें खानदेशांत. फुगवट्याखालीं जाणारी जमीन शक्य तितकी धरण बांधणाऱ्या राज्यांतच असावी, म्हणजे दोन सरकारांची कटकट नको, असा त्यांतला हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभासदांनीं डांग, उंबरगांव आणि हीं खानदेशांतील गांवें देण्यास विरोध केला, हें खरें. विरोध नोंदला गेला. गांवें गेलीं.

माझी धाकटी मावशी ह्या १५६ पैकीं एका गांवीं दिलेली होती. तापीकांठचें, त्या वेळच्या नंदुरबार तालुक्यांतलें गांव. नांव सांगत नाहीं. लग्न झालें तेव्हां ती पश्चिम खानदेशांतून पश्चिम खानदेशांतच गेली होती. दोनतीन वर्षांनीं, घर न हलवितां, ती परराज्यांतली झाली. तिचे सासरे गांवचे पोलीसपाटील. सरकारी कागद त्यांच्या हातावरूनच जात, पण ह्या कागदाची खबर त्यांना आधीं लागली नाहीं. मावशी सांगे कीं, मे महिन्यांत लग्नाच्या गडबडींत कोणी तरी नंदुरबारच्या बाजारांतून बातमी आणली कीं, आपलें गांव आतां सोनगडला जोडलें. सासऱ्यांना तें खोटें वाटलें. पावसाळ्यानंतर तलाठी बदलून आला आणि दाखल्याचा कागद गुजरातींत लिहून देऊं लागला, तेव्हां खात्री पटली. त्यांनीं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मुलाला म्हणाले, "आतां हे अक्षर शिकायला मला पुन्हां पाटी घ्यावी लागेल." मीं एकदां मावशीला विचारलें, "तुम्हांला कोणीं विचारलें नाहीं का ग?" ती अहिराणींत म्हणाली, "आमले कोन इचारस रे भाऊ?"

वस्तुतः विचारलें होतें. राष्ट्रपतींनीं विधिमंडळाला विचारलें, आणि विधिमंडळांत त्या गांवचा प्रतिनिधि बसत होता. कागदोपत्रीं विचारण्याची सांखळी पुरी होती. पण मसुदा इंग्रजींत, परिशिष्टांतील नांवें इंग्रजी अक्षरांत, मुदत थोडी, आणि मुंबई ते तापीकांठ हें अंतर त्या काळीं लहान नव्हतें. शेवटची कडी गांवापर्यंत पोंचलीच नाहीं.

उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. मावशीचें जुनें गांव पाण्याखालीं गेलें. लोकांना वर माळावर जागा मिळाली. नुकसानभरपाईचे कागद गुजराती, वकील गुजराती, आणि भांडावयाचें तर तें अशा सरकारशीं कीं ज्याच्या विधिमंडळांत त्यांच्या भाषेचा माणूस मिळणें कठीण. ज्या सरकारशीं त्यांचें पिढ्यांचें नातें होतें त्याला आतां त्यांचें कांहीं लागत नव्हतें. हा दोष मी कोणा एकाच्या माथीं मारीत नाहीं. दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांतून भली माणसेंही भेटलीं असें मावशीच सांगे.

कोणी म्हणेल, मास्तर, ह्या जुन्या गोष्टी. पुढें तरी कांहीं सुधारलें असेल. २०१३ सालीं आंध्रप्रदेशाच्या विभाजनाचा मसुदा हैदराबादच्या विधिमंडळाकडे गेला. २३ जानेवारी २०१४ पर्यंत मुदत होती, ती आठवडाभर वाढवून दिली. सभासदांनीं हजारों दुरुस्त्या सुचविल्या, आणि ३० जानेवारीला विधानसभेनें तो मसुदा साफ नाकारला. फेब्रुवारींत संसदेनें कायदा केला आणि २ जूनला तेलंगण अस्तित्वांत आलें. तेलंगणच्या लोकांची मागणी न्याय्य होती कीं नाहीं हा निराळा विषय. येथें पाहावयाचें इतकेंच कीं, पाउणशें वर्षांत कलमाची चाल बदललेली नाहीं.

मग राज्याच्या विधिमंडळाचें मत वर कधीं बांधून घेतेंच नाहीं का? घेतें. घटनेचीं कांहीं कलमें बदलावयाचीं असतील, तर संसदेंत विशेष बहुमत होऊन शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनीं दुजोरा द्यावा लागतो. आपण सर्वांनीं हें अलीकडे पाहिलें तें वस्तु व सेवा कराच्या वेळीं. संसदेनें ऑगस्ट २०१६ मध्यें ती घटनादुरुस्ती संमत केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचें त्यासाठीं खास एक दिवसाचें अधिवेशन २९ ऑगस्टला भरलें आणि दुजोऱ्याचा ठराव झाला. ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमति. विक्रीकर, प्रवेशकर यांसारखें राज्याचें आणि नगरपालिकांचें उत्पन्न ज्यांत गेलें, त्या बदलावर आपल्या विधिमंडळानें एक दिवस घेतला. जळगांवांत काय किंवा धुळ्यांत काय, जकातनाक्यांवर मालगाड्यांची रांग पाहून वैतागलेले व्यापारी मला आठवतात, तेव्हां नवी पद्धति बरी कीं वाईट ह्यांत मी पडत नाहीं. परंतु येथें विधिमंडळाला फक्त 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच म्हणतां येत होतें. अमुक शब्द बदला, अमुक वाक्य घाला, असें म्हणण्याची सोय नाहीं.

हा विरोधाभास मला फार दिवस खटकत आला आहे. सीमेच्या मसुद्यावर सभासदांना मनसोक्त बोलतां येतें, सुचवितां येतें, पण त्याचें बंधन कोणावर नाहीं. घटनादुरुस्तीला त्यांच्या मताचें बंधन आहे, पण बोलून कांहीं बदलतां येत नाहीं. हातांत खडू दिला तर फळा नाहीं, आणि फळा दिला तर खडू नाहीं!

तिसरा एक मार्ग आहे, तो राज्यांनीं आपण होऊन मागणी करण्याचा. विषय राज्याचा असला तरी दोन किंवा अधिक राज्यांचीं विधिमंडळें ठराव करून संसदेला कायदा करावयास सांगूं शकतात. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा असा झाला. मागणी करणाऱ्यांत महाराष्ट्र होता. शहरांत घर घेऊं पाहणाऱ्या कुटुंबांना त्या कायद्याची आठवण करून द्यावयास नको. पण एकदां वर दिलेली वस्तु आपल्या हातानें परत घेतां येत नाहीं. ती दुरुस्त करावयाची तर संसदेनेंच. संसदेनें १९९९ सालीं तो कायदा रद्द केला, तरी आपल्या विधिमंडळानें तें रद्द करणें स्वीकारलें २००७ सालच्या नोव्हेंबरांत.

बाकीच्या बहुतेक कायद्यांत तर राज्यांच्या विधिमंडळांना आधीं विचारण्याचा प्रश्नच नाहीं. २०२० सालीं संसदेनें शेतीविषयक तीन कायदे केले आणि २०२१ अखेर ते मागें घेतले. त्यांच्या गुणदोषांवर केळीच्या आणि कापसाच्या आमच्या मुलुखांत घराघरांतून वाद झाले. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें त्या संबंधांत आपले तीन मसुदे विधिमंडळांत मांडून ते लोकांच्या सूचनांसाठीं खुले ठेवले. ही खुली छाननी मला आवडली. ती संसदेचा कायदा होऊन गेल्यावर झाली, एवढेंच तिच्यांत उणें.

आतां थोडें देशाबाहेर पाहूं. युरोपांत आज २७ राष्ट्रांचा संघ आहे आणि त्याचे कायदे ब्रुसेल्सहून निघतात. २००९ सालच्या डिसेंबरापासून तेथें अशी पद्धति सुरू झाली कीं, कायद्याचा मसुदा तयार झाला म्हणजे तो सर्व राष्ट्रांच्या संसदांकडे त्यांच्या भाषांत पाठवावयाचा आणि आठ आठवडे थांबावयाचें. जेथें प्रांतांना स्वतःचीं कायदेमंडळें आहेत तेथें राष्ट्रीय संसदेनें योग्य वाटल्यास त्यांनाही विचारावें. म्युनिकला बव्हेरियाचें विधिमंडळ आहे, तें आपल्या मुंबईच्या विधिमंडळासारखें. तेंही असे मसुदे तपासतें. प्रश्न मात्र त्यांना नेमका विचारलेला असतो : हें काम वर करण्याची खरोखर गरज आहे काय, कीं तें खालीं, लोकांच्या जवळच, तितकेंच चांगलें होईल? एकतृतीयांश मतें हरकतीचीं पडलीं, तर मसुदा काढणाऱ्यांना त्याचा फेरविचार करावा लागतो, आणि तो ठेवला, बदलला किंवा मागें घेतला तरी कारण द्यावें लागतें. संपाच्या हक्काविषयींच्या एका मसुद्यावर २०१२ सालीं तेवढ्या हरकती आल्या आणि तो मागें घेतला गेला.

तेथें सारें आलबेल आहे असें मुळींच नाहीं. आठ आठवडे पुरत नाहींत अशी तेथेंही तक्रार आहे, आणि प्रांतांचा आवाज राष्ट्राच्या आवाजांत बुडतो अशीही. उलट २०१६ च्या ऑक्टोबरांत कॅनडाशीं व्हावयाचा व्यापारकरार बेल्जममधील वालोनिया ह्या एका प्रांताच्या विधिमंडळानें नाकारून कांहीं दिवस अडवून धरला, तेव्हां साऱ्या युरोपची धांदल उडाली. बेल्जमच्या सहीला तेथें प्रांताची संमति लागते. कांहीं खुलासे पदरांत पाडून घेऊन त्यांनीं वाट मोकळी केली आणि ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. इतकी अडवणूक आपल्याकडे असावी असें मी म्हणणार नाहीं. तशी असती तर महाराष्ट्रही झाला नसता. मला त्यांच्याकडून दोनच गोष्टी घ्याव्याशा वाटतात : मसुदा लोकांच्या भाषेंत येणें, आणि हरकत नाकारली तर ती कां नाकारली हें लेखी परत येणें. ह्या दोन्हींना घटना बदलावी लागत नाहीं. दिल्लीच्या सरकारनें २०१४ सालीं आपल्या खात्यांना असें सांगितलें आहेच कीं, कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावा. तें पाळलें जातें किती, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनीं ठरवावें. पण ज्या मसुद्याच्या परिशिष्टांत गांवांचीं नांवें असतील, त्याचें तें परिशिष्ट त्या त्या गांवच्या चावडीवर वाचून दाखवावयास काय अडचण आहे? १९६० सालींही नव्हती. १५६ गांवें, १५६ पानें, आणि प्रत्येक गांवीं एक तरी वाचतां येणारा माणूस. आमच्या पाटलांना तर चांगलें मोडी वाचतां येई.

जिल्ह्यांच्या बाबतींत तर एवढेंही लागत नाहीं, हें जातां जातां सांगतों. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तो राज्य सरकारच्या हुकुमानें; दिल्लीला विचारावें लागलें नाहीं. मावशीच्या गांवाच्या बाजूलाही पुढें २००७ सालीं सुरतेंतून तापी जिल्हा निघाला. म्हणजे तिचा तालुका आणि जिल्हा तिच्या हयातींत किती वेळां बदलला ह्याचा हिशेब मला कागदावर मांडावा लागला. ती मात्र नेहमीं "मी नंदुरबारकडची" असेंच सांगे.

नोकरींतून मोकळा झाल्यावर मीं धुळ्याच्या एका वाचनालयांत तो १९६० चा कायदा काढून पाहिला. परिशिष्टाचा दुसरा भाग बोटानें ओळ ओळ वाचीत गेलों. तिचें गांव सांपडलें. हातानें यादी उतरवून घेतली आणि दिवाळीच्या सुमारास तिच्याकडे गेलों, तेव्हां ती वाचून दाखविली. इंग्रजी अक्षरांवरून कांहीं नांवांचे उच्चार माझ्याकडून चुकत होते. ते ती दुरुस्त करी. जवळपासच्या गांवांचीं नांवें आलीं कीं ती मध्येंच हात वर करून मला थांबवी आणि सांगे : हें राहिलें, हें बुडालें, ह्याची अर्धी शिवारें बुडालीं, येथें माझी नणंद दिलेली होती, ह्या गांवचा महादेव उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे दिसतो. सगळी यादी व्हावयास संध्याकाळ झाली. मग तिनें तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि, वाचतां येत नसतांही, घडी करून लुगड्यांच्या पेटींत ठेवला.